निवांत सुट्टी हवी आहे: कळंगुट, पाळोळे की तारकर्ली?

घरात सुट्टीचा विषय निघाला की "समुद्रावर जाऊ आणि चार दिवस नुसतं पडून राहू" असं कोणीतरी म्हणतंच. बुकिंग मात्र बहुतेक वेळा कळंगुट-बाग्याचं होतं. नाव ओळखीचं असतं, हॉटेलं ढिगाने दिसतात आणि प्रत्येक खिशाला परवडेल असा दर सापडतो. मग पडून राहायला गेलेली मंडळी अर्धी सुट्टी ट्रॅफिकमध्ये आणि पार्किंग शोधण्यात घालवून दमून परत येतात. यात कळंगुटचा सगळाच दोष आहे असं मला वाटत नाही. त्या गर्दीतही छान विश्रांती मिळते, आणि शांत म्हणून नावाजलेल्या ठिकाणीही सुट्टीची पार वाट लागू शकते.

माझं मत आधीच सांगून टाकते. खोलीतून निघून, गाडी न काढता, मोठा रस्ता न ओलांडता, पायात साध्या चपला घालून पाण्यापर्यंत जाता येतं का, यावर सगळं ठरतं. हे जमलं तर गर्दीच्या गावातही जीव शांत होतो. सकाळी पोहून यायचं, खोलीत जाऊन झोपायचं, संध्याकाळी पुन्हा जायचं. हे जमलं नाही तर कितीही सुंदर किनारा असला तरी प्रत्येक फेरीला "कोण कोण येतंय, किल्ली कोणाकडे आहे" सुरू होतं. म्हणून खालची तुलना गावांची असली तरी माझी नजर त्या चालण्याच्या वाटेवरच आहे.

कळंगुट पट्टा: एकाच वाळूवरची चार गावं

आग्वाद किल्ल्याच्या पायथ्याच्या सिकेरीपासून बाग्याच्या खाडीपर्यंत साधारण सात किलोमीटरची सलग वाळू आहे. दक्षिणेकडून मोजत गेलं तर सिकेरी, कांदोळी, कळंगुट, बागा. पाण्यात उभं राहून बघितलं तर एक गाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही. रात्री दहाला मात्र तो फरक कानांना बरोबर कळतो. बागा म्हणजे नाच-गाणी, बार, मित्रांची टोळकी. कळंगुटच्या मुख्य पायऱ्यांशी दिवसभर सहलीच्या बस रिकाम्या होतात, माणसं कपड्यांसकट पाण्यात उतरतात आणि संध्याकाळी बस पुन्हा भरतात. कांदोळीला तीच वाळू, तेच पाणी, पण माणसं विरळ आणि वयाने थोडी मोठी. सिकेरी त्याहून शांत. तिथलं ताजचं हॉटेल १९७४ सालचं, आणि १९८३ साली दिल्लीतल्या राष्ट्रकुल परिषदेला आलेले राष्ट्रप्रमुख मधल्या विश्रांतीसाठी गोव्यातच आले होते.

त्यामुळे "कळंगुटला जाऊ नका" हा सरसकट सल्ला मला पटत नाही. कांदोळीत रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला खोली मिळाली तर ती या तिन्हींमधली सर्वांत सोयीची विश्रांती ठरू शकते. औषधाचं दुकान, एटीएम, डॉक्टर, शुद्ध शाकाहारी हॉटेल, सगळं हाताशी. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही सोय कमी लेखू नये.

गोम आहे ती खोली निवडण्यात. कांदोळी-कळंगुटचा मुख्य रस्ता समुद्राला समांतर धावतो आणि त्यावरून किनाऱ्याकडे अरुंद गल्ल्या उतरतात. त्या गल्ल्यांमधली खोली वेगळी आणि रस्त्यापलीकडची वेगळी, कारण हंगामात संध्याकाळी तो रस्ता लहान मूल आणि आजीला घेऊन ओलांडणं म्हणजे परीक्षा असते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे जाहिरातीत "बागा बीचजवळ" असं लिहिलेली हॉटेलं. त्यांतली कित्येक हडफडे, नागवे किंवा पर्रा या आतल्या गावांत असतात. गावं सुंदर आहेत, माडांची, शेतांची. पण तिथून रोज गाडीच काढावी लागते. नकाशात खोलीपासून वाळूपर्यंतची पायवाट मोजा. हॉटेलवाल्याने सांगितलेली मिनिटं स्कूटरची असतात.

या पट्ट्यावरची सगळ्यात चांगली वेळ सकाळी साडेसात ते दहा. कांदोळीला त्या वेळी शॅकवाली, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा हॉटेलांची पोरं वाळूवर झाडू मारत असतात, एकावर एक रचलेले बेड उचलून पाण्याच्या दिशेने ओळीत लावत असतात, आणि आदल्या रात्रीच्या गोंगाटाचा मागमूस नसतो. जीवरक्षक येऊन लाल-पिवळे झेंडे रोवतात. पोहायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मधेच. नुसता लाल झेंडा असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. अकरानंतर जेट-स्की आणि बनाना राइडवाल्यांची लगबग सुरू होते, माळा विकणारे, मसाज करणारे, मेंदी काढणारे फिरू लागतात. तेव्हा आपण खोलीत जाऊन दुपारची झोप काढायची. पाचनंतर पुन्हा बाहेर. शॅकमध्ये काही खाल्लं-प्यायलं तर बेडचे पैसे सहसा घेत नाहीत, पण बसण्याआधी विचारून घ्यावं.

संध्याकाळी एखाद दिवशी आग्वादला जा. किल्ला १६१२ चा आहे, आणि खालच्या ज्या तुरुंगात गोवा मुक्तिसंग्रामातल्या सत्याग्रहींना डांबलं होतं तिथे आता संग्रहालय आहे. लोक वरच्या किल्ल्यावर दीपगृहापाशी फोटो काढून परततात आणि तुरुंग राहून जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

पाळोळे आणि आगोंद

गोव्याच्या दक्षिणेच्या टोकाला, काणकोण तालुक्यात, चित्रच बदलतं. पाळोळ्याचा किनारा लहान, जेमतेम दीड किलोमीटर, चंद्रकोरीसारखा वळलेला, दोन्ही टोकांना खडक. या आकारामुळे लाटा मोडून आत येतात आणि पाणी बरंच शांत राहतं. तळ हळूहळू उतरत जातो. न पोहणाऱ्या माणसालाही छातीभर पाण्यात उभं राहून समुद्राचा आनंद घेता येतो, आणि मुलांच्या मागे सारखं ओरडावं लागत नाही. माझ्या मते लहान मुलं असलेल्या घरासाठी या तिन्हींत पाळोळ्याचं पाणी सर्वांत चांगलं.

इथे राहायचं ते बहुतेक झोपड्यांमध्ये. लाकूड, प्लायवूड, बांबू, वर झावळ्या. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून त्या उभ्या राहतात आणि जूनच्या आधी सोडवून ठेवतात. पहिल्या रांगेतली झोपडी घेतली तर पायरी उतरली की वाळू. माझी चालण्याची अट इथे शंभर टक्के पूर्ण होते. पण झोपडी ती झोपडीच. भिंत पातळ, शेजाऱ्याचं घोरणं ऐकू येतं, बाथरूममध्ये बेडूक भेटू शकतो, आणि एसी सगळीकडे नसतो. गुडघे दुखणाऱ्यांनी उंच खांबांवरच्या झोपड्या टाळाव्यात, कारण त्यांच्या पायऱ्या शिडीसारख्या असतात. मागच्या बाजूला पक्की हॉटेलंही आहेत, तिथून चालत पाच-सात मिनिटं.

पाळोळे निर्मनुष्य असेल अशा समजुतीने मात्र जाऊ नका. किनारा लहान असल्यामुळे डिसेंबरात तो गच्च भरतो. फरक गर्दीच्या वागण्यात आहे. इथे आलेली माणसं आठवडा-दोन आठवडे राहिलेली असतात, सकाळी योगासनं करतात, पुस्तक घेऊन पडतात. रात्री मोठ्या आवाजाला बंदी असल्यामुळे हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या इथे निघाल्या. दोनशे माणसं नाचताहेत आणि बाहेर फक्त पावलांचा आवाज, असं ते दृश्य असतं.

अजून शांतता हवी तर उत्तरेला आगोंद. लांब, सरळ, मोकळा किनारा, कासवं अंडी घालायला येतात म्हणून तिथल्या दिव्यांवर आणि आवाजावर बंधनं. पण आगोंदचं पाणी पाळोळ्यासारखं नाही. किनारा उघडा, उतार तीव्र, ओढ जास्त. वाचायला, चालायला, झोपायला आगोंद. पाण्यात खेळायला पाळोळे. दोन्ही हवं असेल तर राहायचं पाळोळ्याच्या शेजारी पाटण्याला. ते स्वभावाने या दोन्हींच्या मधलं आहे आणि बऱ्याच जणांच्या यादीत नसतं.

मालवण-तारकर्ली

आपल्या माणसांना सर्वांत जवळचं हेच. सिंधुदुर्ग हा महाराष्ट्राचा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ साली, आणि तेव्हापासून तारकर्ली-देवबाग हळूहळू वाढत गेलं. इथलं सुख घरात आहे. निवास-न्याहारीच्या घरी उतरलात की संध्याकाळी काकू विचारतात, "उद्या दुपारी काय व्हया? सुरमई गावली तर सुरमई, नायतर बांगडो." किती पानं ते सांगायचं आणि विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी समुद्रावरून यावं तर तिकल्याचा, म्हणजे माशाच्या तिखट कालवणाचा वास आलेला असतो. सोलकढी मागावी लागत नाही, तांब्या पुढ्यातच असतो. शाकाहारी माणसांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, आणि ती कुठल्याही शॅकमध्ये मिळणार नाही अशी.

देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी वाळूची अरुंद पट्टी आहे. खाडीच्या बाजूला घर घेतलं तर पाणी संथ, सकाळी होड्यांची ये-जा, आणि समुद्र पलीकडे चालत दहा मिनिटांच्या आत. ही जागा विश्रांतीसाठी अप्रतिम आहे, एकच अट, सलग सुट्ट्यांत जाऊ नका. देवबागला जाणारा रस्ता तारकर्लीतून जातो, एकच आहे आणि अरुंद आहे. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की त्या रस्त्यावर पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या एकमेकींसमोर उभ्या असतात. त्सुनामी बेटाकडे होड्यांची रीघ लागते, स्कूबासाठी टोकन घेऊन बसावं लागतं. शांततेच्या नावाने आलेला माणूस त्या दिवसांत कांदोळीपेक्षा जास्त वैतागतो, कारण कांदोळीला गर्दी सामावून घेण्याची सोय आहे आणि इथे नाही.

पाण्याचंही नीट समजून घ्या. तारकर्लीचं पाणी हिवाळ्यात नितळ दिसतं, पण किनारा उघडा आहे आणि ओढ असते. गोव्याच्या मोठ्या किनाऱ्यांवर ठराविक अंतराने जीवरक्षक दिसतात, तशी फळी इथे नाही. घरमालकाला विचारल्याशिवाय आणि संगमाच्या बाजूला तर कधीच पोहायला उतरू नका. पोहायचंच असेल तर मालवण गावातलं चिवला बरं. तिथे दर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते. सिंधुदुर्ग किल्ला बघायला अर्धा दिवस ठेवा. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मुलांना त्या आवर्जून दाखवा.

भरतीचा हिशोब

ही गोष्ट बुकिंग करताना कोणी बघत नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. कोकणातल्या जुन्या माणसांचा साधा हिशोब आहे: तिथीला पाऊण पट करा, पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी पार मागे गेलेलं, वाळू रुंद, ओली, घट्ट, आणि सूर्यास्ताला मैलभर चालता येतं. पाळोळ्याच्या उत्तर टोकाच्या बेटाकडेही पूर्ण ओहोटीलाच चालत जाता येतं. अष्टमीला जाल तर संध्याकाळी सहाला भरती असते आणि अरुंद किनाऱ्यावर लोक शॅकच्या पायऱ्यांपर्यंत सरकून दाटीवाटीने बसतात. कळंगुटसारख्या ठिकाणी या एका गोष्टीने गर्दी निम्मी वाटते किंवा दुप्पट वाटते. तारखा हातात असतील तर पंचांग बघूनच ठरवा. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात तपासून घ्या, वीस-तीस मिनिटं इकडेतिकडे होतात.

पोचायचं कसं, फिरायचं कसं

मुंबईहून रेल्वेने जायचं तर कळंगुटसाठी थिवी, पाळोळ्यासाठी मडगाव किंवा काणकोण, तारकर्लीसाठी कुडाळ किंवा कणकवली. वंदे भारत कणकवली, थिवी आणि मडगावला थांबते, कुडाळला नाही. काणकोण स्टेशन पाळोळ्यापासून अगदी दोन-तीन किलोमीटरवर आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी. मडगावहून कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसने चावडीपर्यंत, म्हणजे काणकोणच्या बाजारापर्यंत जाऊन पुढे रिक्षा केलेली परवडते. विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट काढताना विमानतळ नीट बघावा. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात आहे आणि पाळोळे दक्षिणेच्या टोकाला, म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा. स्वस्त तिकिटाचे वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. पाळोळ्यासाठी दाबोळी, कळंगुटसाठी मोपा किंवा दाबोळी दोन्ही चालतात.

गोव्यात मुंबई-पुण्यासारखं ॲपवर बोट दाबलं आणि ओला-उबर आली असं होत नाही. एकट्या माणसाला भाडं घेऊन मागे बसवून नेणारा मोटारसायकलवाला, ज्याला इथे पायलट म्हणतात, तो बरा पडतो. स्कूटर भाड्याने घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं बेकायदेशीर आहे आणि पोलीस नेमकी तीच अडवतात. आणखी एक, किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं याला २०१९ पासून दंड आहे; तेव्हा तो एकट्याला दोन हजार, टोळक्याला दहा हजार असा ठरला होता. कुटुंबासह जाणाऱ्यांना यामुळे थोडा दिलासा मिळाला आहे.

महिना

डिसेंबरचा शेवटचा आठवडा विश्रांतीसाठी तिन्हीकडे बाद. दर कित्येक पटींनी चढतात, आणि किती रात्री राहायलाच हवं अशी अट हॉटेलवाले घालतात. मला विचाराल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी, तेही सोमवार ते गुरुवार. मेमध्ये उकाडा अंगाला चिकटतो, शिवाय शाळांच्या सुट्ट्यांमुळे तारकर्ली भरलेलं असतं.

पावसाळ्याबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचं नाही हे पक्कं. पाळोळ्याच्या झोपड्या नसतात, शॅक बंद, मालवणच्या होड्या बंद, आणि यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असल्यामुळे ताटातला मासा बऱ्याचदा बर्फातला असतो. पण ज्याला खरोखर झोप हवी आहे, पुस्तकं वाचायची आहेत, त्याने ऑगस्टमध्ये कांदोळीला समुद्राकडे गॅलरी असलेली खोली घ्यावी. खोल्या स्वस्त असतात, रस्ता मोकळा असतो आणि गॅलरीतून दिवसभर पाऊस समुद्रावर चालत येताना दिसतो.

मग कोणी कुठे जावं?

वयस्कर आई-वडील, पथ्यपाणी, गोळ्या, आणि तीन-चारच दिवस: कांदोळी, समुद्राकडची गल्ली, मधले वार. लहान मुलं आणि आठवडाभर वेळ: पाळोळे, मागचं पक्कं हॉटेल, जोडपी आणि एकटे असतील तर पुढची झोपडी. पोहण्यात रस नाही, जेवण आणि गप्पा हव्यात, मोठं कुटुंब एका घरात राहायचं आहे: देवबागची खाडीकडची बाजू. मित्रांबरोबर रात्री जागवायच्या असतील तर बागा उत्तमच आहे, फक्त त्याला विश्रांती म्हणू नका आणि सोमवारची रजाही टाकून ठेवा.

मला स्वतःला निवडायला सांगितलं तर फेब्रुवारीत पाळोळे-पाटणे, मध्ये दुसरं काही न ठेवता. पण दोन दिवसच हातात असतील तर मी एवढ्या दक्षिणेला जाणार नाही. जाण्या-येण्यातच सुट्टी संपते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मालवण ठरवत असाल तर खोलीचे पैसे भरण्याआधी आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख विचारून घ्या. ती दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, कॅलेंडरात आधीपासून छापलेली नसते. जत्रेला मुंबईहून लाखो चाकरमानी येतात, गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत आणि मालवणात पाय ठेवायला जागा नसते. जत्रेसाठीच जाणार असाल तर गोष्ट निराळी, तेव्हा नात्यातलं एखादं घर आत्ताच गाठून ठेवा.